पाहुणा की घरचा?

जपानी मालिकांतली लग्नं, ‘साबर बोंडं’ आणि डहाणू-तलासरीचा लग्नाचा जुना हिशेब

होळी सरली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नाची गडबड सुरू होते. वारल्यांच्या घरी लग्नाचं काम भिंतीपासून निघतं. कुडाची भिंत सारवून गेरूने लाल करायची, तांदूळ वाटून त्याचं पांढरं पाणी करायचं, बांबूची काडी टोकाशी चेचून तिची कुंचली करायची. मग सवाशिणी चौक लिहायला बसतात. मधोमध पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. बाजूला धवलेरी गात असते. ही धवलेरी बाईच असते आणि लग्न तीच लावते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही.

या भागात दुसरीही एक रीत जुनी आहे. मुलगा-मुलगी एकत्र राहू लागतात, संसार थाटतात, पोरंबाळं होतात आणि लग्न मात्र राहून गेलेलं असतं. कारण साधं आहे, पैसा. गावजेवण, ताडी, देण्याघेण्याचा खर्च झेपेपर्यंत वर्षं जातात. मग कधीतरी जमतं आणि आईबापांच्या लग्नात त्यांचीच मुलं मांडवात नाचतात. एकाच मांडवात आधी आईबापाचं आणि लगेच मुलाचं लग्न लागल्याचेही दाखले आहेत. या सगळ्या काळात त्या जोडप्याला कोणी घराबाहेरचं मानत नाही. घर आधी, विधी नंतर.

ही रीत स्त्री-पुरुषांच्या संसाराची आहे. वारली समाजात दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्न लावायची चाल होती, असं मी म्हणत नाही. पण ‘घर आधी, विधी नंतर’ हा क्रम मनात ठेवून गेल्या काही वर्षांतल्या समलिंगी जोडप्यांच्या जपानी मालिका पाहिल्या की त्या वेगळ्या दिसतात. डहाणूजवळच्या कोसबाडहून जपान फार लांब आहे असंही नाही. निइगाता प्रांतातल्या तोकामाची गावी मिथिला चित्रांचं एक संग्रहालय आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखे वारली चित्रकार तिथे जाऊन राहिले, त्यांनी तिथे चित्रं काढली. डहाणूचा चौक तिकडे कधीच पोचला आहे. आता तिकडची घरं आपल्या मोबाइलवर येऊन पोचली आहेत.

पंचवीस हजार येनचं स्वयंपाकघर

फुमी योशिनागा या लेखिकेची ‘किनो नानी ताबेता?’, म्हणजे ‘काल काय खाल्लंस?’, ही चित्रकथा २००७ पासून चालू आहे. २०१९ मध्ये टीव्ही टोकियोने तिची मालिका केली, २०२१ मध्ये चित्रपट आला, २०२३ मध्ये मालिकेचा दुसरा भाग. शिरो हा वकील आणि केन्जी हा केशकर्तनकार, दोघंही चाळिशी ओलांडलेले, एका फ्लॅटमध्ये राहतात. हिदेतोशी निशिजिमा आणि सेइयो उचिनो या मातब्बर नटांनी ही कामं केली आहेत. गोष्टीत घडतं काय? शिरो ऑफिसातून वेळेवर निघतो, बाजारात स्वस्त काय आहे ते बघतो, महिन्याचा खाण्याचा खर्च पंचवीस हजार येनमध्ये बसवतो आणि रात्री दोघं जेवतात. कुठल्याही मध्यमवर्गीय मराठी गृहिणीने मान डोलवावी असा त्याचा हिशेबीपणा आहे.

शिरोच्या आईवडिलांना सगळं ठाऊक आहे. आई तर मुलाला समजून घ्यायच्या मोहिमेवरच निघालेली असते. पण तिच्या समजूतदारपणाचा सूर असा, की मुलगा उद्या गुन्हेगार निघाला तरी आपण त्याला पदरात घेऊ. शिरोला हसावं की रडावं कळत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी तो केन्जीला घेऊन नववर्षाला आईवडिलांकडे जातो. जपानात नववर्ष म्हणजे आपली दिवाळीच. घरची माणसं घरी जमतात. जेवण होतं, जुने फोटो निघतात, केन्जीचे डोळे भरून येतात. इथे मालिका संपली असती तर गोड शेवट झाला असता.

पण चित्रपटाने ती जखम पुन्हा उघडली. त्या भेटीनंतर आईची तब्येत बिघडते आणि आईवडील मुलाला सांगतात, पुढच्या वेळी त्याला आणू नकोस. त्यांचा राग नसतो, शिव्याशाप नसतात. त्यांना झेपत नाही, एवढंच. केन्जी पाहुणा म्हणून एकदा चालला, घरचा म्हणून दर वर्षी नाही. शिरो मग ठरवतो की नववर्षाला आपण केन्जीबरोबरच राहायचं. आपलं घर तेच. जगभरच्या समलिंगी प्रेमकथांमध्ये घरच्यांचा स्वीकार म्हणजे एक मोठा प्रसंग असतो: रडारड, मिठी, संपलं. इथे स्वीकार पुढे सरकतो, मागे येतो, सणावारांना अडतो. घरात असंच होतं.

याच मालिकेत एक वयस्क जोडपं शिरोकडे वकिली सल्ल्याला येतं. आपल्या पश्चात आपली मिळकत जोडीदाराला मिळावी म्हणून एकाने दुसऱ्याला दत्तक घ्यायचं, असा त्यांचा विचार असतो. हे लेखिकेच्या कल्पनेतून आलेलं नाही. जपानच्या कायद्यात प्रौढ माणसाला दत्तक घेता येतं. दत्तक घेणारा वयाने मोठा असला की झालं. लग्नाचं दार बंद म्हणून कित्येक जोडप्यांनी या मागच्या दाराने एका कुटुंबनोंदीत नाव लावून घेतलं. कायद्यापुढे बाप-लेक आणि घरात नवरा-नवरा.

मरणाने उघडलेलं दार

‘ओतोतो नो ओत्तो’, म्हणजे ‘भावाचा नवरा’, ही गेंगोरो तागामे यांची चित्रकथा. २०१८ मध्ये एनएचकेने तिची तीन भागांची मालिका केली. याइची हा एकटा बाप, त्याची शाळकरी मुलगी काना, आणि दारात अचानक उभा राहिलेला माइक नावाचा धिप्पाड कॅनडावासी. याइचीचा जुळा भाऊ कॅनडात गेला, तिथे त्याने माइकशी कायदेशीर लग्न केलं आणि तो वारला. आता माइक त्याचं जन्मघर बघायला आला आहे. माइकचं काम बारुतो या एस्टोनियाच्या माजी सुमो पैलवानाने केलं आहे. ओझेकी पदापर्यंत पोचलेला हा गडी बुटकं दार वाकून ओलांडतो तेव्हाच निम्मी गोष्ट सांगून होते.

काना विचारते, दोन पुरुषांना लग्न करता येतं का? आणि मग तिच्या हिशेबाने नातं लगेच जुळतं: बाबांच्या भावाचा नवरा म्हणजे आपला काका. बापाला मात्र दार उघडायला, राहायला खोली द्यायला, शेजाऱ्यांना ओळख करून द्यायला बराच वेळ लागतो. ‘भावाचा मित्र’ असं एकदा तो सांगून मोकळा होतो आणि ते त्याला आतून बोचत राहतं.

मुलाच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं, हे कोसबाडला शिकवायची गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९५७ मध्ये बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वारल्यांच्या मुलांना शाळेत आणायच्या ऐवजी शाळा मुलांकडे न्यायची, गुरं चारायला गेलेल्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवायची, हे इथे घडलं. मूल जे पाहतं तेच ते मानतं, या विश्वासावर इथली बालवाडी उभी राहिली.

जपानी लग्नसोहळ्याचं चित्र पाहायचं तर २०२२ चा ‘चेरी मॅजिक’ हा चित्रपट. २०२० च्या मालिकेत आदाचीला तिसाव्या वाढदिवशी एक विचित्र शक्ती मिळते: ज्याला हात लागेल त्याच्या मनातलं ऐकू येतं. ऑफिसातला देखणा कुरोसावा आपल्यावर जीव टाकतो हे त्याला असं कळतं. चित्रपटात हे दोघं एकमेकांच्या आईवडिलांना भेटायला जातात आणि शेवटी जिवाभावाच्या माणसांसमोर लग्नाचा छोटा समारंभ करतात. मजा अशी की मनं वाचायची जादू असूनही आईवडिलांसमोर बसायचं ते घामेजल्या तळव्यांनीच. आणि त्या समारंभाची कुठल्याही सरकारी वहीत नोंद होत नाही.

कारण जपानात आजही असं लग्न कायद्याने होत नाही. नोव्हेंबर २०१५ पासून टोकियोच्या शिबुया आणि सेतागाया प्रभागांनी समलिंगी जोडीदारांना दाखले द्यायला सुरुवात केली, पुढे शेकडो पालिकांनी. दवाखाना, भाड्याचं घर यासाठी ते चालतात. वारसाहक्क मिळत नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी जोडप्यांनी देशभर खटले भरले. १७ मार्च २०२१ रोजी सप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने लग्नबंदी घटनाविरोधी ठरवली. मार्च २०२४ ते मार्च २०२५ या काळात पाच उच्च न्यायालयांनी थोड्याफार फरकाने तेच सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात उलट निकाल दिला. तैवानने २०१९ मध्ये कायदा करून टाकला, थायलंडमध्ये तो जानेवारी २०२५ पासून लागू झाला. जपान अजून मालिकांमध्येच लग्नं लावतो आहे.

मित्रापासून बाळ्यापर्यंत

मराठीत ही गोष्ट कुठून कुठे आली? विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी सुमित्राचं काम केलं. बाईवर प्रेम करणारी ही मुलगी नाटकाच्या शेवटी जीव देते. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं येतं, ते संस्थेपुढची एक अडचण म्हणून. दोन्ही कलाकृतींचं धाडस मोठं होतं. पण दोन्हींत या माणसांना घर नाही. एकीला वसतिगृह आहे, दुसऱ्यांना आश्रम. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी आली आणि गोष्ट पुण्यातल्या जोशींच्या घरात शिरली. एकाच भाडेकरूवर भाऊही प्रेम करतो आणि बहीणही. घर आलं, पण घराला मुलाचं गुपित कळत नाही. 

या काळात रंगमंचाबाहेर काम चाललं होतं. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला, ‘पार्टनर’सारखी पुस्तकं लिहिली आणि ‘मनाचिये गुंती’मध्ये समलिंगी मुलामुलींच्या आईवडिलांचे, नातेवाइकांचे अनुभव गोळा केले. मुलगा काय म्हणतो याइतकंच आई काय म्हणते तेही मराठीत छापून येऊ लागलं.

मग रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार त्याला मिळाला. तिथे पोचलेला हा पहिला मराठी चित्रपट. सप्टेंबर २०२५ मध्ये तो आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला. मुंबईच्या कॉल सेंटरमधला आनंद वडील गेल्यावर आईबरोबर गावी येतो. दहा दिवसांचं सुतक. सुतकाचे नियम, भावकीचे टोमणे, तिशी आली तरी लग्न का नाही या चौकशा. आणि लहानपणचा मित्र बाळ्या, जो शेती करतो, गुरं राखतो आणि ज्याच्याही मागे घरचे लग्नासाठी लागले आहेत. आनंदचं काम भूषण मनोज यांनी केलं आहे, बाळ्याचं सूरज सुमन यांनी, आईचं जयश्री जगताप यांनी.

आनंदच्या आईला सगळं माहीत आहे. चित्रपट सुरू व्हायच्या आधीच माहीत आहे. त्यामुळे सांगण्या-न सांगण्याचा मोठा प्रसंग इथे नाहीच. ती मुलाला मांडीवर घेऊन समजावत नाही, भाषण करत नाही. नातेवाईक घेरतात तेव्हा ती मध्ये पडते आणि विषय वळवते. शिरोच्या आईला स्वीकारासाठी तयारी करावी लागली; आनंदच्या आईने तो रोजच्या कामात मुरवून टाकला आहे. तिने पुस्तकं वाचली असतील असं वाटत नाही. तिला मुलगा माहीत आहे, एवढंच.

चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी थांबतो आणि माणसं त्याच्यासमोर वावरतात. बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची लाल बोंडं शोधून आणतो. ज्याने ती खाल्ली आहेत त्याला ठाऊक आहे की त्यांच्यावरची बारीक कुसळं डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटांत शिरली तर दिवसभर छळतात. एकाने आपल्या बोटांची पर्वा न करता ती दुसऱ्यासाठी आणावीत यापेक्षा वेगळं प्रेमाचं वाक्य या चित्रपटाला लागलेलं नाही.

‘भावाचा नवरा’ आणि ‘साबर बोंडं’ एकमेकांशेजारी ठेवावेत असे आहेत. दोन्हीकडे घराचं दार उघडतं ते मरणामुळे. लग्नाचं बोलावणं पाठवायचं टाळता येतं, फोन उचलायचा टाळता येतो; मयताला आलेल्या माणसाला ‘जा’ म्हणता येत नाही. आणि सुतकाचे दिवस असे असतात की घरात कोण कुणाचं आहे याचा हिशेब आपोआप मांडला जातो. कोण आत झोपतो, कोण ओटीवर. पंगतीत कोण कुठे बसतो. विधीला पुढे कोण होतो. जपानी असो की मराठी, या कथांमध्ये खरा निकाल तिथे लागतो.

जाहिरात, अंगठी आणि रेशनकार्ड

पडद्याबाहेर महाराष्ट्रात काय झालं? २०१५ मध्ये मुंबईतल्या एका आईने मुलासाठी वर हवा अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिली. जातीची अट नाही, मात्र आपल्या जातीचा असल्यास प्राधान्य, असं तिने त्यात लिहिलं होतं. त्यावर खूप हसणं झालं, टीकाही झाली. टीका रास्तच होती. मुलाचं मन मान्य झालं म्हणून जात सुटत नाही. पण ती जाहिरात म्हणजे घरच्या स्वीकाराचा अस्सल कागद आहे. आईने मुलाला आपल्या जगात, त्या जगाच्या बऱ्यावाईट सगळ्या सवयींसकट, जागा करून दिली. २०१७ च्या अखेरीस यवतमाळमध्ये दोन पुरुषांचा विवाहसोहळा झाला. काही वर्षांनी नागपुरात दोन डॉक्टर तरुणींनी घरच्यांसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या. ही गावं विदर्भातली आहेत, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांनी लक्षात ठेवलेलं बरं.

यातल्या एकाही सोहळ्याला आपल्याकडे कायद्याचा आधार नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे राजीखुशीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘सुप्रियो’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही. जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर दर्जा देण्याचा प्रस्ताव तीन विरुद्ध दोन मतांनी पडला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मात्र निकालानंतर केंद्राने समिती नेमली आणि २०२४ मध्ये काही सूचना निघाल्या. त्या वाचताना मी थांबलो. रेशनकार्डासाठी असे जोडीदार एकाच घरातले धरावेत. बँकेत संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी नेमायला आडकाठी नाही. जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेहाचा ताबा जोडीदाराला मागता यावा.

ताट, पैसा आणि मयत. शिरोचा पंचवीस हजारांचा हिशेब, वयस्क जोडप्याची दत्तकपत्राची धडपड, माइकचा प्रवास आणि आनंदचं सुतक, सगळं या तीन ओळींत येऊन बसतं. कथाकारांनी जे प्रश्न घरात मांडले तेच सरकारी कागदावर उतरले आहेत. फक्त ‘लग्न’ तेवढं वगळून. आणि सूचना म्हणजे कायदा नव्हे. रेशन दुकानाच्या खिडकीशी कोण बसलं आहे यावर तिचं भवितव्य ठरतं.

मर्जी आणि हक्क

कोसबाडच्या अनुताईंचं लग्न त्यांच्या तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांत त्या विधवा झाल्या. त्या लग्नाला आईवडील, नातेवाईक, भटजी, गाव, सगळ्यांची मान्यता होती. विचारलं नव्हतं ते फक्त त्या मुलीला. आज उलट गोष्ट आहे. दोन जाणती माणसं एकमेकांना हो म्हणतात आणि बाकी सगळे विचारात पडतात. घरच्यांचा होकार ही चांगली गोष्ट आहे, पण लग्न त्याच्यावरच तोलायचं तर तेराव्या वर्षाचं लग्नही खरंच ठरतं.

आणि लग्न ही घरातली खासगी बाब आहे, असं निदान तलासरीत कोणी म्हणू नये. इथे जमीनदाराकडून लग्नापुरतं कर्ज घेतलं की तो वारली त्याचा लग्नगडी व्हायचा. तो आणि त्याची बायको मालकाच्या शेतावर राबायची, कर्ज फिटायचं नाही, मूलही त्याच जोखडात जायचं. मंडपातून निघालेली वाट थेट मालकाच्या वाड्यात जायची. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने इथे संघटना बांधली. मे महिन्यात तलासरीजवळ झरीला सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. लग्नगडी मोकळे झाले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे.

त्या काळी एखादा मालक कनवाळू असेलही, ज्याने कर्ज माफ केलं, गड्याला घरी जाऊ दिलं. पण त्याच्या कनवाळूपणाने लग्नगडीपणा गेला नाही. तो गेला कारण मालकाची मर्जी राखायची गरजच माणसांनी काढून टाकली. जपानी आणि मराठी पडद्यावरच्या आया मला आवडतात; आनंदची आई तर फारच. पण ज्यांना अशी आई लाभली नाही त्यांचं काय, हा प्रश्न कुठलाही चित्रपट सोडवू शकत नाही. शिरोच्या आईला दुसऱ्या वर्षी झेपलं नाही. तिला दोष देणं सोपं आहे, पण तिच्या प्रकृतीवर केन्जीचं सगळं आयुष्य टांगून ठेवणं चूक आहे.

घर आधी, विधी नंतर, हा वारली पाड्यांवरचा क्रम म्हणूनच मला शहाणपणाचा वाटतो. पण त्यातला दुसरा भाग विसरता येत नाही. कितीही वर्षं एकत्र काढली, पोरं मोठी झाली, तरी माणसं शेवटी चौक लिहून घेतातच, कर्ज काढून घेतात, म्हातारपणी घेतात. कारण नुसतं राहू देणं आणि गावासमोर मान्य करणं यांतला फरक त्यांना पक्का कळतो. आपल्याकडच्या समलिंगी जोडप्यांना आज बऱ्याच घरांत राहू दिलं जातं. रेशनकार्डापर्यंत गाडी आली आहे. राहिलेलं लग्न लावायचं काम संसदेकडे आहे, आणि ते आईच्या मायेवर सोडून संसदेला मोकळं होता येणार नाही.